देव्हाऱ्यातलं खरेदीखत

मुलांनो, क्षणभर कल्पना करा, की तुमच्याकडे एक सुंदर वस्तू आहे. पण ती खिशात मावत नाही, कपाटात ठेवता येत नाही आणि तिला कुलूपही लावता येत नाही. तुम्ही शाळेत गेलात की ती तिथेच उघड्यावर पडलेली असते. कुणीही यावं, तिच्यावर उभं राहावं आणि म्हणावं, "ही माझी!" ओळखलीत ना? जमीन.

पेनावर नाव कोरता येतं, डब्यावर कोरता येतं. जमिनीवर कुठे कोरणार? पहिल्या सरीत धुऊन जाईल. म्हणून माणसांनी एक युक्ती काढली. जमीन कुणाची ते कागदावर लिहायचं आणि तो कागद सरकारी कचेरीतल्या बुकात चढवायचा, कुणालाही उघडून पाहता येईल अशा बुकात. त्या कागदाला म्हणतात खरेदीखत. नुसतं खरेदीखत हातात असून भागत नाही, ते बुकात चढावं लागतं. हा दुसरा भाग माणसं फार सहज पुढे ढकलतात.

आता आणखी थोडी कल्पना करा. साल एकोणीसशे शहाऐंशी. अमेरिकेतलं नॉर्थ कॅरोलायना राज्य. उंच पाइनची झाडं, तांबडी चिकणमाती, आणि त्या मातीतून नव्याने निघालेले रस्ते. तिथल्या एका भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये शरयू नावाची मुलगी राहते. चौथीत आहे. तिचे बाबा श्रीरंग इंजिनियर, आई सुनेत्रा एका दवाखान्यात रक्त तपासते.

शरयूची ही तिसरी शाळा. आधी जर्सी सिटी, मग डॅलसजवळ, आणि आता हे मॉरिसव्हिल. दर वेळी तिला जिवाभावाची मैत्रीण मिळायची वसंतात, आणि उन्हाळ्यात सामानाची खोकी बांधली जायची. म्हणून बाबांनी जेव्हा सांगितलं, "चारूचा प्लॉट आपण घेतोय. घर बांधू. आता इथून हलायचं नाही," तेव्हा शरयूने पुन्हा पुन्हा विचारलं होतं, "प्रॉमिस? रियली प्रॉमिस?"

चारू म्हणजे चारुदत्तकाका. बाबांचे पुण्याच्या कॉलेजातले मित्र, बाबांच्या आधी अमेरिकेत आलेले. बाबा पहिल्यांदा आले तेव्हा विमानतळावर न्यायला तेच आले होते. पहिला हिवाळा बाबा त्यांच्याच घरी राहिले, त्यांचाच जुना कोट घालून. ही गोष्ट शरयूने इतक्या वेळा ऐकली होती, की त्या कोटाचा रंगही तिला सांगता आला असता. काकांचे मॉरिसव्हिलजवळ शेजारी-शेजारी दोन प्लॉट होते, अकरा नंबरचा आणि बारा नंबरचा. बारा नंबर ओढ्याच्या बाजूचा. तोच बाबांनी घेतला, आजवरची सगळी बचत घालून.

सप्टेंबरातल्या एका संध्याकाळी काका खरेदीखत घेऊन आले. बँकेत नोटरीसमोर सही करून आणलेलं, वर निळा शिक्का.

"घे रंग्या, जमीनदार झालास!" काका म्हणाले. "आता मिशा वाढव."

"वकिलाकडून एकदा बघून घ्यायला हवं होतं का, भाऊजी?" आईने चहा देता देता विचारलं.

"वकील? वहिनी, वकील परक्यांसाठी. आपल्यात काय वकील!"

बाबा ओशाळून हसले. आईकडे त्यांनी असं पाहिलं, जसं काही तिने पाहुण्याला बशी न देता कप दिला होता.

तेवढ्यात साताऱ्याहून आजीचा फोन आला. महिन्यातून एकदाच येणारा, खरखरता फोन. बाबांनी आनंदाने प्लॉटची बातमी दिली. आजी म्हणाली, "अरे, उद्यापासून पितृपंधरवडा. आता नवं काही करू नकोस. सरकारात नोंदवायचं ते दसऱ्याला नोंदव. साडेतीन मुहूर्तांतला एक आहे."

बाबांनी फोन ठेवला आणि जरा संकोचून सांगितलं, "आई म्हणते, दसऱ्यापर्यंत थांब."

"अगदी बरोबर!" काका लगेच म्हणाले. "घाई कसली? मोठ्यांचा शब्द मोडू नये. दसऱ्यालाच नोंदव."

शरयू तेव्हा सोफ्यामागे बसून गृहपाठ करत होती. तिची पेन्सिल थांबली. कारण, मुलांनो, चारूकाका देवधर्माची टर उडवणारे म्हणून सगळ्या मंडळींत प्रसिद्ध होते. मागच्याच वर्षी याच दिवसांत बाबांनी नवी गाडी घ्यायचं लांबणीवर टाकलं, तेव्हा हेच काका म्हणाले होते, "रंग्या, तुझे पितर काय व्हिसा काढून इथवर येणार आहेत?" सगळे पोट धरून हसले होते. आणि आता तेच काका मान डोलावून म्हणत होते, मोठ्यांचा शब्द मोडू नये!

शरयूच्या मनात पहिल्यांदा पाल चुकचुकली. पण पाल चुकचुकली म्हणून कुणी घर सोडत नाही. तिने गृहपाठ पुढे सुरू केला.

बाबांनी खरेदीखत खाकी पाकिटात घातलं आणि देव्हाऱ्यात, गणपतीच्या मागे ठेवलं. हा देव्हारा म्हणजे स्वयंपाकघरातल्या कपाटाचा एक कप्पा. खाली तांदळाचा डबा, वर देव.

पुढच्या आठवड्यात काका पुन्हा आले. कारण काहीच नव्हतं. चहा प्याले, हवेबद्दल बोलले आणि उठता उठता म्हणाले, "नोंदवलं नाहीस ना अजून? नाही, आपलं सहज विचारलं."

"नाही रे. दसऱ्याला."

"छान. कागद नीट ठेवलाय ना? कुठे, बँकेत?"

"छे, देवाच्या पाठीशी!" बाबा हसले.

काका हसले नाहीत. त्यांनी मान वळवून स्वयंपाकघरातल्या त्या कप्प्याकडे पाहिलं. कसं पाहिलं, ते शरयूला शब्दांत सांगता आलं नसतं. दुकानात आपल्याला हवी ती वस्तू दुसऱ्याच्या हातात दिसली की माणूस जसं पाहतो, तसं काहीतरी.

त्यानंतरच्या शनिवारी शरयू तिच्या मैत्रिणीच्या, बेकीच्या, वाढदिवसाला गेली होती. परतताना बेकीची आई ड्राइव्ह करत होती आणि रस्ता नेमका त्यांच्या प्लॉटवरून जाणारा होता.

"विमानतळ वाढणार म्हणतात," बेकीची आई इंग्रजीत सांगत होती. "इथल्या जमिनींचे भाव काय चढलेत! ज्याने आधी घेतली तो शहाणा."

"ती आमची जमीन!" शरयूने काचेला नाक लावून बोट दाखवलं, आणि तिचं बोट तसंच राहिलं. रस्त्याकडेला चारूकाकांची तपकिरी स्टेशन वॅगन उभी होती, समोर काचेपाशी काकूंनी बसवलेला छोटा गणपती. झाडांत स्वतः काका होते, आणि त्यांच्यासोबत पांढरी हॅट घातलेला एक उंच म्हातारा. काका हात पसरून त्याला काहीतरी दाखवत होते. हात अकरा नंबरकडे नव्हता. ओढ्याकडे होता.

दुसऱ्या दिवशी मंदिराच्या हॉलमध्ये मराठी मंडळी जमली होती. शरयू सरळ काकांसमोर जाऊन उभी राहिली.

"काका, काल तुम्ही आमच्या प्लॉटवर होतात?"

"मी?" काकांनी कमरेवर हात ठेवला. "अगं, काल माझी पाठ धरली होती. दिवसभर आडवा. तुझ्या पद्मजाकाकूला विचार हवं तर."

पद्मजाकाकू लांब, पोह्यांच्या पातेल्याशी उभ्या होत्या. शरयूने विचारलं नाही. मोठ्या माणसाचा खोटेपणा तपासायला त्याच्याच बायकोकडे जाणं तिला बरं वाटेना. पण एक गोष्ट तिने पाहिली. पाठ धरलेले काका थोड्या वेळाने वाकून खुर्च्या उचलत होते. एकदम दोन-दोन.

आता पाल नुसती चुकचुकत नव्हती, ती मनात घर करून बसली. पण काय करणार? काकांनी खोटं सांगितलं खरं. त्याने काय बिघडतं, हे तिला कळत नव्हतं. जमीन बाबांनी घेतली, पैसे दिले, सही झाली, कागद गणपतीमागे आहे. मग?

हे 'मग' तिला कळलं शाळेच्या सहलीत.

चौथीच्या मुलांना दरवर्षी काउंटीचं, म्हणजे तिथल्या जिल्ह्याचं, कचेरी-भवन दाखवायला नेत. कोर्ट बघून झालं, शेरीफचं ऑफिस बघून झालं, आणि मग जमिनींची नोंद होते ती खोली. भिंतभर जाडजूड बुकं. तिथली एक बाई मुलांना समजावत होती.

"समजा, एका माणसाने आपलं शेत सकाळी जॉनला विकलं आणि संध्याकाळी तेच शेत मेरीला विकलं. मग शेत कुणाचं?"

"जॉनचं!" सगळी मुलं ओरडली. "त्याने आधी घेतलं!"

बाई हसली. "आपल्या राज्यात ते मेरीचंही होऊ शकतं. इथे आम्ही कुणी आधी घेतलं ते विचारत नाही. या काउंटरवर कागद घेऊन आधी कोण आलं, ते बघतो."

शरयूचा हात वर गेला. "पण मेरीला माहीत असेल, की जॉनने आधीच घेतलंय? तरी?"

"तरीसुद्धा. म्हणून जॉनने घरी जाऊन झोपायचं नसतं. सरळ इथे यायचं असतं."

सगळी मुलं हसली. शरयूला हसू आलं नाही. तिच्या डोळ्यांसमोर तांदळाच्या डब्यावरचा तो कप्पा आला. तिच्या घरचा जॉन दसऱ्याची वाट बघत होता.

त्या संध्याकाळी जेवताना तिने सगळं सांगितलं. हॅटवाला म्हातारा, ओढ्याकडे दाखवणारा हात, दुखरी पाठ, खुर्च्या, जॉन आणि मेरी. मराठीत सुरुवात केली, अर्ध्यात इंग्रजीवर गेली, कारण भरभर बोलायला तिला इंग्रजीच सोपं जायचं.

बाबांनी घास खाली ठेवला.

"शरयू, चारूकाकांबद्दल असं बोलायचं नाही."

"बट बाबा, काका लाइड!"

"तपकिरी गाड्या शेकड्यांनी असतात."

"गाडीत काकूंचा गणपती होता! समोर, काचेपाशी."

"पुरे! ज्याच्या घरचं मीठ खाल्लं त्याच्यावर संशय घ्यायचा? उद्या त्याला कळलं, की मी मुहूर्त सोडून धावत नोंदवायला गेलो, तर त्याला काय वाटेल? मित्राला मी चोर ठरवलं, असंच ना?"

 आईने भाताचा डाव पातेल्यात ठेवला, पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला. शरयूने ते पाहिलं.

मुलांनो, आपल्या माणसांत एक गोष्ट फार असते. तिचं नाव भीड. समोरच्याला काय वाटेल, या भीतीने आपण आपलं योग्य कामही करत नाही. जुनी माणसं म्हणतात, भीड भिकेची बहीण. बाबांना ही म्हण पाठ होती. पण जी म्हण पाठ असते, तीच वेळेला आठवत नाही.

दोन दिवसांनी बाबा ऑफिसच्या कामाला अटलांटाला गेले. शुक्रवारी शरयूच्या शाळेला सुट्टी होती, शिक्षकांच्या कामाचा दिवस. आईनेही रजा घेतली होती. सर्वपित्री अमावस्या होती, आणि बाबा नसले तरी तिने खीर-वडे करायचे ठरवले होते. डाळ भिजली होती. ती वाटायला घेण्याऐवजी आई हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, "चल, जरा प्लॉट बघून येऊ."

प्लॉटवर कुणी नव्हतं. पण झाडं पाहून आई जागच्या जागी थांबली. पाइनच्या खोडांना नारिंगी फिती बांधल्या होत्या आणि चिखलात मोजणीचे खुंट ठोकले होते. अगदी नवे, टोकाची लाकडं अजून पांढरीशुभ्र.

"बाबांनी मोजणी सांगितली होती?" शरयूने विचारलं.

"नाही."

"मग काकांनी त्यांच्या प्लॉटची केली असेल?"

आई खुंटांच्या रांगेने चालत गेली. रांग अकरा नंबरच्या कडेने गेली आणि वळली. आत, बारा नंबरभोवती. ओढ्यापर्यंत जाऊन ती परत फिरली. बरोबर त्यांच्याच जमिनीचा चौकोन.

गाडीत बसल्यावर आईने किल्ली लावली, पण फिरवली नाही.

"कुठेतरी पाणी मुरतंय गं," ती हळूच म्हणाली. "आणि असं काही झालंच, तर तुझे बाबा भांडायचे नाहीत. मी ओळखते ना त्यांना. भाऊजी पैसे परत करतील, हे म्हणतील 'जाऊ दे.' मग जर्सीची जुनी कंपनी बोलावतेच आहे. पुन्हा खोकी बांधा."

शरयूने आईचा पदर धरला. "मग आपण नोंदवून येऊ या ना."

"आज? अमावस्येला?"

"आई, नोंदवलं म्हणजे काकांना चोर म्हटलं, असं थोडंच होतं? काका चांगले असले, तर त्यांचं काहीच जाणार नाही."

आईने तिच्याकडे वळून पाहिलं. मोठी माणसं आठवडाभर ज्या गाठीशी झगडतात, ती कधी कधी लहान बोटांनी सुटते.

घरी येऊन आईने देव्हाऱ्यातलं पाकीट काढलं. हात जोडून म्हणाली, "देवा, रागावू नकोस. इथला कायदा तुझ्या पंचांगात नाही." आणि दोघी निघाल्या.

कचेरीत काउंटरवर एकच बाई होती, आणि तिच्यासमोर एक वकील कागदांचा गठ्ठा घेऊन उभा होता. बाकी कुणी नाही. दोघी बाकावर बसल्या. आईच्या मांडीवर पाकीट, पाकिटावर दोन्ही हात. वकिलाचा गठ्ठा संपता संपत नव्हता. बाई एकेक कागद उलटायची, शिक्का मारायची, पुन्हा उलटायची.

मागे दार उघडलं.

"वहिनी?"

चारूकाका दारात उभे होते. हातात चामड्याची बॅग. त्यांच्यामागे पांढरी हॅट हातात धरलेला तो उंच म्हातारा.

काकांचा चेहरा क्षणभर कोरा झाला, पाटी पुसल्यासारखा. मग त्यावर हळूहळू हसू उमटलं.

"तुम्ही इथे? आज? अहो, अमावस्या ना आज! श्रीरंगला माहीत आहे?"

आणि गंमत बघा, मुलांनो. घाबरायला हवं होतं काकांनी, घाबरली आई. चोरी करताना पकडल्यासारखी ती उठून उभी राहिली.

"नाही... म्हणजे, इकडून जात होतो, म्हटलं बघू या... हे नाहीत ना इथे..." ती चाचरली. "तुम्ही कसे, भाऊजी?"

"मी आपला माझ्या अकरा नंबरच्या कामाला." काका आईच्या बाजूला येऊन उभे राहिले. आवाज मऊ झाला. "वहिनी, एक सांगू? श्रीरंगच्या आईंना कळलं तर त्यांना किती लागेल. पण आता आलाच आहात, तर असं करा. द्या ते पाकीट माझ्याकडे. माझी इथे ओळख आहे. माझ्या कागदाबरोबर तुमचाही देतो. तुम्ही कशाला ताटकळता? शरयूला आइस्क्रीम खायला न्या."

तिकडे म्हातारा शरयूजवळ बाकावर टेकला होता. गुडघ्यावर हॅट, चेहऱ्यावर सुरकुत्या, डोळे हसरे.

"आज शाळा नाही वाटतं, छोट्या बाई?" त्याने इंग्रजीत विचारलं.

"शिक्षकांचा दिवस आहे," शरयू म्हणाली. तिचा एक कान काकांकडे होता.

"माझाही मोठा दिवस आहे. आज मी जमीनमालक होणार. ओहायोच्या थंडीला कंटाळलो. पाइनची झाडं, मागे ओढा. बायको तर पडद्यांचं कापडसुद्धा घेऊन बसलीय. पण मोठी हुशार आहे हं ती. म्हणाली, शिक्का पडल्याशिवाय चेक हातातून सोडायचा नाही." त्याने कोटाचा खिसा थोपटला.

शरयूने त्या खिशाकडे पाहिलं. तिला या आजोबांचा राग यायला हवा होता, पण येत नव्हता. तीच तर पंचाईत होती.

"कितवा नंबर?" तिने विचारलं.

"बारा," म्हातारा खुशीत म्हणाला. "अकरा मला दाखवला होता त्याने, पण ओढा बाराला आहे ना!"

शरयूने मान वळवली. काकांचा हात पुढे आला होता, तळवा वर. आई म्हणत होती, "नाही हो, तुम्हाला उगाच त्रास..." पण हे म्हणता म्हणता तिने पाकीट पुढे केलं होतं. समोरच्याने हात पुढे केल्यावर त्यात काही न ठेवणं तिला कुणी कधी शिकवलंच नव्हतं. खाकी पाकिटाचं एक टोक आईच्या बोटांत होतं, दुसरं काकांच्या.

काउंटरवरच्या वकिलाने आपला गठ्ठा बगलेत मारला आणि तो बाजूला झाला.

"नेक्स्ट!" बाईने हाक मारली.

शरयू बाकावरून उठली. धावली नाही. आई आणि काका यांच्यामध्ये जाऊन उभी राहिली आणि तिने पाकीट दोघांच्या हातांतून ओढून घेतलं.

"शरयू!" आई दचकली. "मोठ्यांच्या हातातून असं ओढतात?"

"इकडे दे, बेटा," काका म्हणाले. ते हसत होते, पण पाकिटाचा कोपरा त्यांनी पुन्हा चिमटीत धरला होता. "लहान मुलांचं काम नाही हे."

"काका, त्या आजोबांना तुम्ही बारा नंबर विकताय," शरयू म्हणाली. मराठीत म्हणाली, एकेक शब्द स्पष्ट, आईला नीट ऐकू जाईल असा. "त्यांनीच सांगितलं मला. आत्ता."

काकांची चिमटी सैल झाली.  आईने एकदा म्हाताऱ्याकडे पाहिलं, एकदा काकांकडे. मग ती काका आणि काउंटर यांच्या मधल्या वाटेवर येऊन उभी राहिली आणि तिने पदर कमरेला खोचला.

"जा," ती शरयूला म्हणाली. "आपला नंबर आहे."

शरयू काउंटरपाशी गेली. काउंटर तिच्या हनुवटीएवढा उंच होता. तिने खरेदीखत पाकिटातून बाहेर काढलं, टाचा उचलल्या आणि कागद बाईसमोर सरकवला. त्यावर आपला पंजा पसरून घट्ट दाबून धरला.

बाईने चष्म्यावरून पाहिलं. मागे कुणीतरी इंग्रजीत विचारत होतं, "काय चाललंय? 'नंबर, नंबर' काय म्हणतेय ती मुलगी?" आणि काका भराभर काहीतरी समजावत होते. शरयूने मागे पाहिलं नाही.

"हनी," बाई म्हणाली, "शिक्का मारायचाय. हात काढशील?"

शरयूने हात उचलला. शिक्का बसेल एवढाच. शिक्का थाडकन पडला, आणि शाई ओली होती तरी तिने हात पुन्हा तिथेच ठेवला.